सोलापूरहून ट्रॅक किती लांब?

सोलापूरच्या भूगोलात सायकलिंगच्या दृष्टीने एक विलक्षण गोष्ट दडलेली आहे. राष्ट्रीय महामार्ग ६५ पुण्याहून निघतो, सोलापूर शहराला लागून जातो आणि पुढे हैदराबाद गाठतो. पुण्याच्या टोकाला बालेवाडीत १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बांधलेला वेलोड्रोम आहे, म्हणजे फक्त सायकल शर्यतींसाठी केलेला, वळणावर कडा उचललेला लंबगोल ट्रॅक. हैदराबादेत तसाच एक ट्रॅक उस्मानिया विद्यापीठाच्या आवारात आहे. सोलापूरहून पुणे अडीचशे किलोमीटर, हैदराबाद तीनशे. आणि दक्षिणेला महामार्ग ५२ धरला की शंभर किलोमीटरवर विजापूर. विजापूर-बागलकोटच्या त्या पट्ट्यातल्या शेतकऱ्यांच्या पोरांनी भारतीय सायकलिंग संघात हक्काची जागा मिळवली आहे.

तिन्ही दिशांना सायकलिंग आहे, मधोमध सोलापूर आहे. मग होटगी रस्त्यावर किंवा अक्कलकोटच्या वाटेवर रोज शाळेला सायकल दामटणाऱ्या एखाद्या तेरा वर्षांच्या मुलीच्या पायांत आंतरराष्ट्रीय दर्जाचा वेग असेल, तर तो ओळखणार कोण? ओळखला तरी तिने पुढे जायचं कुठून? आंतरराष्ट्रीय ट्रॅक सायकलपटूची कारकीर्द घडते कशी, हे पायरी-पायरीने पाहिलं तर या प्रश्नाचं उत्तर सापडतं. त्या उत्तरात सोलापूरने हाती घ्यावं असं बरंच काम आहे.

ब्रेक नसलेली सायकल

आधी खेळ समजून घेऊ. ट्रॅकच्या सायकलला ब्रेक नसतात, गिअर बदलायची सोय नसते, आणि फ्रीव्हीलही नसतं. मागचं चाक फिरतंय तोवर पॅडल फिरणार आणि पॅडल फिरतंय तोवर पाय फिरणार. रस्त्यावर आपण उतार लागला की पाय थांबवून सायकल सोडून देतो. इथे पाय थांबवायचा प्रयत्न केला तर चाकच स्वाराला उचलून फेकतं. वेग कमी करायचा असेल तर पायांनी हळूहळू पॅडल दाबून धरायचं, किंवा ट्रॅकच्या कड्यावर वर चढून चढाला वेग खाऊ द्यायचा.

आंतरराष्ट्रीय स्पर्धांचा ट्रॅक २५० मीटरचा आणि लाकडी असतो. सरळ भागात तो जेमतेम तिरका असतो, वळणावर मात्र ४२ ते ४५ अंशांनी उभा राहतो. खालून पाहिलं तर ती भिंतच वाटते. त्या भिंतीवर टिकायचं तर वेग लागतोच. हळू गेलं की टायर घसरतो आणि स्वार खाली येतो. म्हणून नवख्या मुलांना पहिले काही दिवस खालच्या सपाट पट्ट्यावरच फिरवतात, मग एकेक रेघ वर नेतात. खालची काळी रेघ अंतर मोजण्याची, तिच्यावरची लाल रेघ स्प्रिंटरांची, त्याहून वरची निळी. या रेघांचे नियम अंगात मुरवायलाच काही महिने जातात.

शर्यतींचे दोन मोठे गट पडतात. एक दमाचा. त्यात चौघांच्या संघाने ४ किलोमीटर धावायची पर्सूट येते, चार शर्यतींचे गुण एकत्र करणारी ऑम्नियम येते आणि दोघांच्या जोडीने आळीपाळीने धावायची मॅडिसन येते. दुसरा गट निव्वळ वेगाचा. त्यात समोरासमोरची स्प्रिंट, तिघांची टीम स्प्रिंट आणि किरिन. किरिनचा जन्म जपानचा. १९४८ साली कोकुरा शहरात सुरू झालेली ही शर्यत तिथे पैजा लावून पाहिली जाते. सुरुवातीला मोटार लावलेली सायकल सगळ्यांच्या पुढे धावते आणि वेग ताशी ५० किलोमीटरपर्यंत चढवत नेते. तीन फेऱ्या उरल्या की ती बाजूला होते आणि मागचे सहा-सात जण एकमेकांच्या खांद्याला खांदा घासत शेवटची रेघ गाठायला झेपावतात.

स्प्रिंटमध्ये तर डोक्याचाही कस लागतो. दोघं स्वार पहिल्या फेरीत चालण्याच्या वेगाने सरकतात, कधी कड्यावर सायकल जागच्या जागी उभी करतात. पुढचा स्वार चाक किंचित वाकडं धरून, पॅडलवर पुढे-मागे रेटा देत, मान वळवून मागच्यावर डोळा ठेवतो. मागे असलेल्याला फायदा असतो, कारण पुढच्याने फोडलेल्या हवेच्या आडोशाने धावून शेवटी त्याला ओलांडता येतं. म्हणून कुणालाच आधी निघायचं नसतं. आणि मग एक जण कड्यावरून खाली सूर मारतो, त्या क्षणी शर्यत सुरू होते आणि दहा-अकरा सेकंदांत संपते. हॉलंडच्या हॅरी लाव्हरेसनने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये २०० मीटर ९.०८८ सेकंदांत कापले. हा वेग ताशी ७९ किलोमीटरच्या वर जातो, आणि तो माणसाच्या पायांचा आहे.

सिडनीपासून ली व्हॅलीपर्यंत

भारताची या खेळाशी ओळख जुनी आहे आणि तिचं एक मूळ मुंबईत आहे. १९३८ साली सिडनीला ब्रिटिश साम्राज्य क्रीडा स्पर्धा झाल्या. तिथे भारतातर्फे जानकीदास हे सायकलपटू उतरले. हेच जानकीदास पुढे हिंदी चित्रपटांतले चरित्र अभिनेते म्हणून लोकांना ठाऊक झाले. १९४६ मध्ये मुंबईचे सोहराब भूत आणि जानकीदास यांच्या पुढाकाराने राष्ट्रीय सायकलिंग संघटना उभी राहिली. दोनच वर्षांनी १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला भारताचा सायकलिंग संघ गेला. त्यात रोहिंटन नोबल, जहांगू अमीन, होमी पावरी, आदी हवेवाला अशी पारशी नावं ठळक होती. लंडनच्या ट्रॅक शर्यती तेव्हा हर्न हिलच्या उघड्या वेलोड्रोमवर झाल्या. १९५२ ला हेलसिंकी, १९६४ ला टोकियो, आणि मग पूर्णविराम. टोकियोनंतर आजवर एकही भारतीय सायकलपटू ऑलिंपिकमध्ये उतरलेला नाही.

ही पोकळी भरायला सुरुवात झाली ती २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धांपासून. त्या स्पर्धांसाठी इंदिरा गांधी क्रीडा संकुलात २५० मीटरचा लाकडी, छताखालचा वेलोड्रोम झाला, देशातला तसा पहिलाच. स्पर्धा संपल्यावर तो धूळ खात पडू शकला असता. पण तिथे राष्ट्रीय सायकलिंग अकादमी आली, आणि निवड करणारे लोक मुलं शोधायला देशाच्या टोकांपर्यंत गेले.

ती टोकं कोणती होती ते बघण्यासारखं आहे. डेबोरा हेरोल्ड अंदमान-निकोबारची. २००४ च्या त्सुनामीत लहानगी डेबोरा झाडाला धरून कित्येक दिवस जगली. पुढे ५०० मीटर टाइम ट्रायलच्या जागतिक क्रमवारीत ती पहिल्या पाचांत पोहोचली. इसो अल्बेनही तिकडचाच, आधी नौकानयन करणारा. २०१८ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या एगल इथे ज्युनियर जागतिक स्पर्धेत त्याने किरिनचं रौप्य मिळवलं. जागतिक सायकलिंग स्पर्धेतलं ते भारताचं पहिलं पदक. पुढच्याच वर्षी जर्मनीतल्या फ्रँकफर्ट (ओडर) इथे भारताच्या ज्युनियर मुलांनी टीम स्प्रिंटचं सुवर्ण जिंकलं. मणिपूरच्या रोनाल्डो सिंगने जून २०२२ मध्ये दिल्लीच्या आशियाई स्पर्धेत एक किलोमीटर टाइम ट्रायल १ मिनिट १.७९८ सेकंदांत पूर्ण करून कांस्य घेतलं आणि त्याच स्पर्धेत स्प्रिंटमध्ये रौप्य. वरिष्ठ गटात आशियाई पातळीवर स्प्रिंटचं रौप्य मिळवणारा तो पहिला भारतीय.

आणि महाराष्ट्र? त्याच वर्षीच्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धांसाठी भारताने चार महिला ट्रॅक सायकलपटू पाठवल्या. त्यांतल्या दोघी, मयूरी लुटे आणि सुशिकला आगाशे, भंडारा जिल्ह्यातल्या. पश्चिम बंगालच्या त्रियाशा पॉलबरोबर त्यांनी टीम स्प्रिंटचा संघ केला. भंडारा हा तलावांचा आणि भाताचा जिल्हा, तिथे वेलोड्रोम नाही. बालेवाडी भंडाऱ्यापासून सोलापूरच्या जवळजवळ तिप्पट लांब. तरीही चारांतल्या दोन जागा त्या एका जिल्ह्याने घेतल्या.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या इंगळीची पूजा दानोळे हे असंच आणखी एक नाव. पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत ती तयार झाली आणि खेलो इंडिया स्पर्धांमध्ये तिने महाराष्ट्रासाठी सुवर्णपदकं आणली. या सगळ्या मुलींच्या वाटेवर एक गोष्ट समान दिसते. वय कोवळं असतानाच कुणीतरी त्यांना हेरलं, राहायची-खायची सोय असलेल्या ठिकाणी नेलं आणि ट्रॅकची सायकल हातात दिली. जन्मगावी काय होतं आणि काय नव्हतं, हा प्रश्न तिथे मागे पडला.

शंभर किलोमीटर दक्षिणेला

सोलापूरला हे समजून घ्यायला दिल्लीपर्यंत जायची गरज नाही. विजापूरची एसटी धरली तरी पुरे. विजापूर-बागलकोटचा मुलूख सोलापूरसारखाच आहे. तीच काळी जमीन, तोच उन्हाळा, ज्वारीची तीच भाकरी. सोलापुरात अनेक घरांत कन्नड बोलली जाते आणि सीमेपलीकडे मराठी. दोन्हीकडची कुटुंबं लग्नसंबंधांनी बांधलेली आहेत.

पण तिकडे कर्नाटकच्या युवजन आणि क्रीडा खात्याचं सायकलिंगचं वसतिगृह आहे. खेड्यातलं पोर निवड चाचणीत उतरतं, जागा मिळाली की वसतिगृहात राहतं, शाळा शिकतं आणि पहाटे संघाबरोबर रस्त्यावर असतं. मोठी मुलं लहानांना चाक कसं धरायचं ते शिकवतात, म्हणजे पुढच्याच्या मागच्या चाकापासून वीतभर अंतर ठेवून त्याच्या आडोशाने कसं धावायचं ते. या पट्ट्यातून वेंकप्पा केंगलगुत्ती आला, मेघा गुगाड आली, दानम्मा चिचखंडी आली. वेंकप्पा २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धांत भारताच्या पर्सूट संघात होता. विजापुरात भूतनाळजवळ वेलोड्रोम उभारायचं काम वर्षानुवर्षं रेंगाळलं, तरी त्या काळात मुलं घडायची थांबली नाहीत. ट्रॅकचा सराव लागला की ती दुसऱ्या शहरी जाऊन करून येत. रोजचं घडणं वसतिगृहात होत होतं.

माझं म्हणणं या एका गोष्टीवर उभं आहे. ट्रॅक सायकलपटूची कारकीर्द वेलोड्रोममध्ये दिसते, पण तिचा पाया वसतिगृहात घातला जातो. सोलापूरने वेलोड्रोमची मागणी करत बसू नये. तो काही कोटींचा आणि कायमच्या देखभालीचा मामला आहे. खुद्द बर्मिंगहॅम शहराकडेही स्पर्धेच्या लायकीचा वेलोड्रोम नव्हता. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धांतल्या ट्रॅक शर्यती त्यांनी लंडनच्या ली व्हॅलीत घेतल्या. यजमान शहर ट्रॅक दुसऱ्या गावचा वापरू शकतं, तर सोलापूरच्या मुलांनी महिन्यातून आठवडाभर बालेवाडीला सराव करण्यात कसला कमीपणा?

पाय, पैसा आणि वर्षं

कारकिर्दीच्या पायऱ्या सांगायच्या तर पहिली पायरी शरीराची. ट्रॅकच्या वेगवान शर्यतींना लागतो तो मांडीत दडलेला स्फोट. सुरुवातीच्या यंत्रात मागचं चाक अडकवलेलं असतं, घड्याळ उलटं मोजत येतं, शेवटची शिट्टी वाजते आणि स्वार सीटवरून उठून सगळं वजन एका पॅडलवर टाकतो. चेनव्हील साठच्या वर दातांचं असतं, त्यामुळे पहिला फेरा घालताना ते दगडासारखं जड लागतं. जागतिक दर्जाचे स्प्रिंटर काही क्षण दोन हजार वॅटच्या वर ताकद लावतात. ही ताकद शंभर किलोमीटरच्या रपेटी मारून येत नाही. ती जड वजनं उचलून, छोट्या-छोट्या झेपा घेऊन आणि मध्ये पुरेशी विश्रांती घेऊन येते. म्हणून मुलगा किती लांब सायकल चालवतो यापेक्षा तो जागेवरून किती लांब उडी मारतो, उभा राहून किती उंच उडतो, व्यायामाच्या सायकलवर सहा सेकंदांत किती जोर लावतो, हे आधी पाहावं लागतं. तीन चाचण्या, एक टेप आणि एक यंत्र. एका शाळेची तपासणी एका सकाळीत होते.

दुसरी पायरी वयाची. जागतिक सायकलिंगमध्ये ज्युनियर गट सतरा आणि अठरा वर्षांचा. सतराव्या वर्षी मुलाने आंतरराष्ट्रीय ट्रॅकवर उतरायचं असेल तर पंधराव्या वर्षापर्यंत त्याचा वळणाशी दोस्ताना झालेला असायला हवा, आणि त्यासाठी त्याला तेराव्या-चौदाव्या वर्षी हेरायला हवं. बारावी झाल्यावर बघू, असं म्हणणाऱ्या घरातल्या मुलासाठी ती वेळ निघून गेलेली असते.

तिसरी पायरी पैशाची. कार्बनची फ्रेम, भरीव चाकं, खास टायर असलेली आंतरराष्ट्रीय दर्जाची ट्रॅक सायकल काही लाखांत जाते. चादरीच्या कारखान्यात यंत्रमाग चालवणाऱ्या किंवा विड्या वळणाऱ्या घराला ती परवडणं शक्य नाही. पण शिकण्याच्या काळात तिची गरजही नसते. चांगली स्टीलची किंवा ॲल्युमिनियमची ट्रॅक सायकल अनेक मुलांत फिरवता येते. खोलीत रोलरवर संतुलनाचा सराव करता येतो. महागडी सायकल लागते ती राष्ट्रीय निवडीच्या टप्प्यावर, आणि तिथे ती राज्याने किंवा अकादमीने द्यायची असते.

चौथी पायरी पोटाची. सायकल चालवून पोट भरतं का, असं आईबाप विचारतात आणि तो प्रश्न रास्त आहे. भारतात ट्रॅक सायकलपटूला व्यावसायिक संघांचा पगार जवळजवळ नाही. इथली कारकीर्द उभी राहते ती नोकरीच्या आधारावर. रेल्वे आणि सेनादल हे राष्ट्रीय स्पर्धांतले बलाढ्य संघ आहेत, कारण तिथे खेळाडूला पगार आणि सरावाला वेळ दोन्ही मिळतं. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला क्रीडागुण आहेत, राज्याचा शिवछत्रपती पुरस्कार आहे. ही माहिती सोलापूरच्या पालकांपर्यंत वेळेत पोहोचली तर बरीच दारं उघडतील.

आणि मुलींच्या बाबतीत एक पायरी जास्त असते, भरवशाची. तेरा-चौदा वर्षांची लेक शहराबाहेरच्या वसतिगृहात ठेवायची तर तिथे महिला प्रशिक्षक आणि महिला अधीक्षक हवी, आणि तक्रार ऐकणारी व्यवस्था कागदावर न राहता खरोखर चालणारी हवी. या अटी मागणाऱ्या आईबापांना कुणी जुनाट म्हणू नये. त्या पूर्ण करणं हे संस्थेचं काम आहे.

सोलापूर एवढ्या तयारीनंतर कुठवर जाऊ शकतं, याचा एक आशियाई दाखला देतो. मलेशियाचा अझीझुलहस्नी अवांग तेरेंगानू किनाऱ्यावरच्या डुंगुन या लहान गावचा, उंची जेमतेम १६५ सेंटिमीटर. त्याच्या तरुणपणी मलेशियात छताखालचा लाकडी वेलोड्रोम नव्हता. देशाने त्याला ऑस्ट्रेलियात मेलबर्नला प्रशिक्षक जॉन बीझली यांच्याकडे ठेवलं. २०११ मध्ये मँचेस्टरला ट्रॅकचा लांब लाकडी सुळका त्याच्या पोटरीतून आरपार गेला, तरी उठून त्याने शर्यत पूर्ण केली. २०१६ ला रिओत किरिनचं कांस्य, २०१७ ला हाँगकाँगमध्ये जगज्जेतेपद, मग टोकियोत रौप्य. उंच, धिप्पाड युरोपीय स्वारांमध्ये हा चणीने लहान माणूस वर्षानुवर्षं टिकला, कारण त्याच्या देशाने त्याच्यावर एक तपाहून जास्त काळ सातत्याने खर्च केला.

सोलापूरने काय करावं

सोलापूर हे खेळांना नवखं शहर नाही. पार्क मैदानावर पिढ्या खेळल्या. जुन्या मिलच्या भोंग्यावर हजारो कामगार सायकलींवरून निघत, तेव्हा गल्लीबोळांतून चाकांची रांग लागे. आषाढीच्या आधी नाशिकसह अनेक शहरांची सायकलवारी याच जिल्ह्यात, पंढरपूरला येते. राज्यभर मोठ्या माणसांत लांब पल्ल्याच्या सायकलिंगची आवड वाढली आहे, आणि ते आरोग्याला उत्तमच आहे. पण चाळिशीतल्या माणसाच्या रपेटीतून ट्रॅकचा खेळाडू निघत नाही. त्या उत्साही माणसांनी आपली सकाळ आठवड्यातून एकदा शाळेच्या मैदानावर खर्च केली तर निघेल.

राज्यातल्या मागास तालुक्यांत मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळतात. शाळा सुटू नये हा त्यामागचा हेतू, आणि तो मोलाचा आहे. पण त्याच मुली रोज चार-पाच किलोमीटर वाऱ्याच्या तोंडावर, दप्तर पाठीला आणि धाकटी बहीण मागे घेऊन पॅडल मारतात. सायकलपटू शोधायला याहून चांगली जागा नाही. सीमाभागातल्या यात्रांमध्ये सायकल शर्यती होतात, तिथे साध्या सायकलवर पहिला येणारा पोरगा दुसऱ्या दिवशी पुन्हा शेतात जातो. त्या शर्यतीच्या रेघेवर एक प्रशिक्षक वही घेऊन उभा राहिला पाहिजे.

म्हणून मागणं मोजकं आहे. दरवर्षी जून-जुलैत जिल्ह्यातल्या शाळांमधून आठवी-नववीच्या मुला-मुलींच्या त्या तीन चाचण्या. निवडलेल्या वीस-पंचवीस मुलांसाठी शहरात एक वसतिगृह, त्यात पोटभर प्रथिनांचं जेवण आणि पूर्णवेळ प्रशिक्षक, मुलींसाठी महिला प्रशिक्षक. डझनभर साध्या ट्रॅक सायकली, रोलर, वजनांची खोली. आणि बालेवाडीशी करार, म्हणजे पावसाळा सोडून दर महिन्याला ठरलेला आठवडा या मुलांचा. उघडा ट्रॅक ओला झाला की त्यावर सायकल घालता येत नाही, तेव्हा ते चार महिने ताकदीच्या व्यायामाला. या सगळ्याला लागणारा पैसा महापालिका, जिल्हा परिषद आणि इथले कारखानदार मिळून उभा करू शकतात. एका वेलोड्रोमच्या खर्चात असं वसतिगृह कित्येक वर्षं चालेल.

यातून पहिल्या चार वर्षांत राष्ट्रीय पदकं येतील अशी हमी कुणी देऊ नये. वीसांतली पंधरा मुलं ट्रॅक सोडतील. त्यांतली काही पोलिसात जातील, काही क्रीडाशिक्षक होतील, आणि तीच पुढच्या तुकडीला चाक धरायला शिकवतील. विजापूर असंच उभं राहिलं. भंडाऱ्याच्या दोन मुली लंडनच्या ट्रॅकवर उतरल्या तेव्हा त्यांच्या जिल्ह्याकडे सोलापूरहून जास्त काहीही नव्हतं. त्यांना वेळेवर हेरलं गेलं आणि नंतर वाऱ्यावर सोडलं गेलं नाही. हे करणं सोलापूरच्या आवाक्यात आहे, आणि ज्या मुली यंदा आठवीत गेल्या त्यांच्यासाठी ते याच वर्षी सुरू व्हायला हवं.